लिनक्सवर सोर्सपासून बिल्ड करताना: कंपायलर, डेव्ह-पॅकेजे आणि न सापडणाऱ्या लायब्रऱ्या

सेलूच्या एका सार्वजनिक ग्रंथालयात काम करणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्रंथालयातील जुन्या मराठी मासिकांची पाने स्कॅन करून झाली आहेत आणि त्यांतला मजकूर टेसरॅक्ट या प्रोग्रामकडून ओळखून घ्यायचा आहे. संगणक जुना, ४ जीबी रॅमचा, त्यावर उबुंटू २२.०४ आहे. रिपॉझिटरीतून, म्हणजे उबुंटूच्या तयार पॅकेजांच्या भांडारातून, टेसरॅक्ट ४.१.१ मिळाले, पण पाचवी आवृत्ती हवी म्हणून त्यांनी सोर्स कोड उतरवून तो बिल्ड करायला, म्हणजे त्यापासून चालणारा प्रोग्राम तयार करायला घेतला. आधी बिल्डपूर्वी तपासणी करणाऱ्या कॉन्फिगर या स्क्रिप्टने ‘कंपायलरला सी++१७ ची सोय नाही’ असे सांगितले, जीसीसी हा कंपायलर तर बसवलेला होता. ते निभावल्यावर ‘लेप्टोनिका १.७४ किंवा त्यापुढची हवी’ असा संदेश आला, लेप्टोनिका ही चित्रे हाताळणारी लायब्ररी तर संगणकावर आधीपासून होती. मग त्यांनी लेप्टोनिका १.८२ सुद्धा सोर्सपासून बिल्ड करून बसवली. टेसरॅक्ट बिल्ड झाले, पण चालवताच ‘लिबटेसरॅक्ट.एसओ.५ उघडता येत नाही’ असे म्हणून थांबले. तोही अडथळा कसाबसा दूर झाला, तेव्हा पीएनजी चित्रे वाचता येईनात, आणि आधी सुरळीत चालणारे ४.१.१ सुद्धा त्याच तक्रारीवर अडले. सगळे पुसून उबुंटू नव्याने टाकावे का, असे त्यांनी विचारले आहे.

उबुंटू पुन्हा टाकण्याचे काहीही कारण नाही. ताईंना आलेले चारही संदेश वेगवेगळ्या टप्प्यांवरचे आहेत, आणि कोणता संदेश कोणत्या टप्प्यावरचा हे कळले की कोणते पॅकेज हवे हे जवळजवळ आपोआप ठरते. नांदेड-परभणी भागातल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतील लिनक्स संगणक सांभाळताना मी पाहतो ते असे, की मुले संदेश न वाचता कुठेतरी मिळालेली दहा पॅकेजांची ओळ चिकटवतात. कधी काम होते, कधी होत नाही, आणि दोन्ही वेळा का, ते कळत नाही. म्हणून खाली प्रत्येक टप्पा सविस्तर लिहितो. आज्ञा आणि फाइलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांनी टंकावीत; फक्त सीसी, एलडीफ्लॅग्ज, एलडी_लायब्ररी_पाथ आणि टेसडेटा_प्रीफिक्स ही चले मोठ्या अक्षरांत, आणि ‘-डब्ल्यूएल’ मधला डब्ल्यू मोठा.

त्याआधी एक विचार करावा, तो म्हणजे बिल्ड करण्याची गरज आहे का. टेसरॅक्टमध्ये न्यूरल पद्धतीचे ओळख-इंजिन चौथ्या आवृत्तीत, म्हणजे २०१८ साली आले. २०२१ च्या अखेरीस आलेली पाचवी आवृत्ती तेच इंजिन आणि तीच मराठी मॉडेल फाइल वापरते; तिने आतले गणित कमी लांबीच्या दशांश संख्यांवर आणले, त्यामुळे वेग वाढतो आणि स्मृती कमी लागते. म्हणून केवळ आवृत्तीचा आकडा वाढला की मराठी अक्षरे अधिक अचूक ओळखली जातील, ही अपेक्षा ठेवू नये. मात्र पानाचे काळे-पांढरे रूपांतर करण्याच्या दोन नव्या पद्धती पाचव्या आवृत्तीत आल्या, आणि त्यांतली सौव्होला ही पद्धत पिवळ्या पडलेल्या, डाग असलेल्या, एका कोपऱ्यात काळवंडलेल्या कागदासाठी खरोखर उपयोगी आहे. जुन्या मासिकांचे काम असेल तर हे कारण पुरेसे सबळ आहे. तरीही उबुंटू २४.०४ च्या रिपॉझिटरीत ५.३.४ आवृत्ती तयार मिळते. संगणक कधीतरी अद्ययावत करायचाच असेल तर तो मार्ग सर्वांत कमी कष्टाचा आहे. २२.०४ वरच राहायचे असेल, आणि तिला २०२७ पर्यंत नेहमीचे सुरक्षा-अद्यतन मिळणार असल्याने राहण्यात चूकही नाही, तर मग बिल्ड करावे.

आता टप्पे. आपण ‘मेक’ ही बिल्ड चालवणारी आज्ञा देतो तेव्हा प्रत्येक सोर्स फाइलवर क्रमाने चार कामे होतात. प्रीप्रोसेसर हेडर फाइली शोधून त्या मजकुरात ओततो. खरा कंपायलर त्याचे असेंब्लीत रूपांतर करतो. असेंबलर त्यापासून ऑब्जेक्ट फाइल करतो. आणि शेवटी लिंकर सगळ्या ऑब्जेक्ट फाइली व लायब्रऱ्या जोडून चालवण्याजोगा प्रोग्राम तयार करतो. पाचवे काम बिल्डच्या वेळी नव्हे तर प्रोग्राम सुरू करताना होते: लोडर त्या प्रोग्रामला लागणाऱ्या .एसओ फाइली, म्हणजे तयार लायब्रऱ्या, शोधून स्मृतीत आणतो. या साखळीच्या आधी कॉन्फिगर किंवा काही प्रकल्पांत त्याच कामाचे सीमेक हे साधन येते. ते स्वतः काही बिल्ड करत नाही, तर छोटे छोटे प्रोग्राम कंपाइल करून आणि चौकशा करून संगणकावर काय आहे आणि काय नाही याची नोंद घेते.

पहिला अडथळा कंपायलरचा. जीसीसी हे नाव आज एका कंपायलरचे नसून कंपायलरांच्या संग्रहाचे आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली तो प्रसिद्ध केला तेव्हा तो सी भाषेचा होता. पुढे इतर भाषा आल्या आणि १९९९ पासून नावाचा अधिकृत विस्तारही ‘कंपायलर कलेक्शन’ असा झाला. उबुंटू आणि ते ज्यावर बेतलेले आहे त्या डेबियनमध्ये या संग्रहाची पॅकेजे वेगळी केलेली आहेत. ‘जीसीसी’ नावाचे पॅकेज बसवले तर सी भाषेचा कंपायलर येतो, सी++ चा येत नाही; त्यासाठी ‘जी++’ हे पॅकेज लागते. टेसरॅक्ट पूर्णपणे सी++ मध्ये लिहिलेले आहे. कॉन्फिगरने सी++१७ चा लहानसा प्रोग्राम कंपाइल करून पाहिला, कंपायलरच नसल्यामुळे तो फसला, आणि कॉन्फिगरने त्यातून ‘कंपायलरला ही सोय नाही’ असा निष्कर्ष काढला. संदेश दिशाभूल करणारा आहे, पण खरी हकीकत त्याच फोल्डरमधल्या ‘कॉन्फिग.लॉग’ या फाइलीत असते. कॉन्फिगरने चालवलेली प्रत्येक आज्ञा आणि तिला मिळालेले उत्तर तेथे जसेच्या तसे नोंदलेले असते, आणि तिथे ‘जी++: ही आज्ञा सापडली नाही’ अशा अर्थाची ओळ दिसली असती. फाइल लांबलचक असते. तिच्या शेवटाला सगळ्या चलांची यादी असल्याने थेट तळाशी जाऊन उपयोग होत नाही, ‘एरर’ हा शब्द शोधत खालून वर यावे.

हे सुटे सुटे बसवत बसण्याऐवजी ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-एसेन्शियल’ ही एकच आज्ञा द्यावी. त्यात जीसीसी, जी++, मेक, डेबियन पॅकेजे तयार करण्याची मूलभूत साधने आणि सी लायब्ररीच्या हेडर फाइली असलेले ‘लिबसी६-डेव्ह’ हे पॅकेज येते. शेवटचे महत्त्वाचे आहे: ते नसेल तर अगदी ‘एसटीडीआयओ.एच’ सुद्धा सापडत नाही आणि लिंकर ‘सीआरटी१.ओ सापडत नाही’ असे म्हणतो, जे पाहून नवख्याला वाटते की कंपायलरच बिघडला. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स वितरणात याच कामासाठी ‘सी डेव्हलपमेंट टूल्स अँड लायब्ररीज’ नावाचा गट आहे आणि आर्च या वितरणात ‘बेस-डेव्हल’. उबुंटू २२.०४ चा जीसीसी ११ मालिकेतला आहे, आणि त्या मालिकेपासून सी++१७ हीच मूळ धरलेली बोली आहे. म्हणजे या कामासाठी नवा कंपायलर आणण्याची गरजच नाही. खुद्द जीसीसी सोर्सपासून बिल्ड करण्याच्या सूचना वाचण्यात आल्या तरी ४ जीबीच्या संगणकावर त्या वाटेला जाऊ नये.

दुसरा अडथळा सर्वांत जास्त लोकांना गोंधळात टाकतो, म्हणून त्यावर थोडा वेळ थांबतो. लेप्टोनिका ही चित्रे उघडणे, वळवणे, स्वच्छ करणे यासाठीची लायब्ररी आहे आणि टेसरॅक्ट तिच्यावर उभे आहे. ताईंच्या संगणकावर टेसरॅक्ट ४.१.१ होते, अर्थात लेप्टोनिकाही होतीच. ‘लिबलेप्ट५’ नावाचे पॅकेज ॲप्टने, म्हणजे उबुंटूच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने, आपणहून आणलेले होते. मग कॉन्फिगर ‘नाही’ का म्हणाले? कारण डेबियन परिवारात बहुतेक लायब्रऱ्यांचे दोन भाग केलेले असतात. एका भागात तयार प्रोग्राम चालवण्यापुरती .एसओ फाइल असते. दुसऱ्या भागात, ज्याच्या नावाच्या शेवटी ‘-डेव्ह’ असते, तीन गोष्टी असतात: हेडर फाइली, ज्यांतून कंपायलरला फंक्शनांची नावे आणि त्यांची घडण कळते, आवृत्तीचा आकडा नसलेली ‘लिबलेप्ट.एसओ’ ही जोड-फाइल, जी लिंकर ‘-एललेप्ट’ असे सांगितल्यावर शोधतो, आणि ‘लेप्ट.पीसी’ ही छोटी मजकूर-फाइल, जिच्यात लायब्ररीची आवृत्ती आणि तिचे फोल्डर लिहिलेले असतात. रोज टेसरॅक्ट वापरणाऱ्याला दुसरा भाग लागत नाही, म्हणून तो आपोआप येत नाही. फेडोरात त्याला ‘-डेव्हल’ म्हणतात. आर्चमध्ये अशी फाळणीच नाही, त्यामुळे तिथून आलेल्या लोकांना हा प्रश्न कधी पडलेलाच नसतो आणि त्यांचे सल्ले उबुंटूवर निरुपयोगी ठरतात.

टेसरॅक्टचे कॉन्फिगर लेप्टोनिकाची चौकशी ‘पीकेजी-कॉन्फिग’ या साधनामार्फत करते, आणि ते साधन फक्त .पीसी फाइली पाहते. चालण्यापुरती लायब्ररी कितीही व्यवस्थित असली तरी .पीसी फाइल नाही म्हणजे त्याच्या दृष्टीने लायब्ररी नाही. ‘पीकेजी-कॉन्फिग --मॉडव्हर्जन लेप्ट’ अशी आज्ञा द्यावी, १.८२.० असे उत्तर आले तर कॉन्फिगरलाही ते मिळेल, तक्रार आली तर मिळणार नाही. कॉन्फिगर पुन्हा पुन्हा चालवून पाहण्यापेक्षा ही विचारणा फार लवकर होते. आणि पीकेजी-कॉन्फिग स्वतःच नसेल तर? सोर्स गिटवरून घेतला असेल तर कॉन्फिगर ही फाइल ‘ऑटोजेन’ ने तयार करावी लागते, आणि त्या वेळी पीकेजी-कॉन्फिगचे मॅक्रो हाताशी नसले तर ते न उलगडता तसेच फाइलीत उतरतात. मग अनेक प्रकल्पांत ‘अनपेक्षित टोकन’ असा शेलचा व्याकरणदोष दिसतो. पाहणाऱ्याला वाटते की सोर्स कोडच सदोष आहे. पीकेजी-कॉन्फिग बसवून ऑटोजेन पुन्हा चालवणे एवढाच त्यावर उपाय आहे. नुसते कॉन्फिगर पुन्हा चालवून तो दोष जात नाही.

थोडक्यात, या ठिकाणी ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिबलेप्टोनिका-डेव्ह’ एवढेच हवे होते. संदेशाच्या दुसऱ्या वाक्यात हेच नाव सुचवलेलेही असते. सगळे प्रकल्प इतके उदार नसतात. कंपायलरने ‘अमुक.एच अशी फाइल नाही’ म्हटले आणि ती कोणत्या पॅकेजात आहे हे ठाऊक नसले, तर ‘ॲप्ट-फाइल’ हे साधन बसवून, ‘ॲप्ट-फाइल अपडेट’ करून ‘ॲप्ट-फाइल सर्च’ ने ते नाव शोधावे. संगणकावर न बसवलेल्या पॅकेजांमध्येही ते शोधते. फेडोरात हेच काम ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’ करते. आणि रिपॉझिटरीत ज्या प्रोग्रामची जुनी आवृत्ती आहे त्याचीच नवी आवृत्ती बिल्ड करायची असेल, तर सगळ्यांत सोयीची आज्ञा ‘सुडो ॲप्ट बिल्ड-डेप टेसरॅक्ट’ ही आहे. डेबियनच्या देखरेख करणाऱ्यांनी जुन्या आवृत्तीसाठी जी जी डेव्ह-पॅकेजे लागतात ती लिहून ठेवलेली असतात, ती सगळी एकदम येतात. नव्या आवृत्तीला फार तर एखादे जास्त लागते. यासाठी सोर्स रिपॉझिटरी चालू असावी लागते: २२.०४ मध्ये ‘सोर्सेस.लिस्ट’ मधल्या ‘डेब-एसआरसी’ या ओळींपुढचे हॅशचे चिन्ह काढावे, २४.०४ मध्ये ‘उबुंटू.सोर्सेस’ या फाइलीतील ‘टाइप्स’ या ओळीत ‘डेब-एसआरसी’ वाढवावे, आणि मग ‘ॲप्ट अपडेट’ करावे. ही सोय इतकी जुनी आणि भरवशाची असूनही फार थोडे लोक वापरतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

तिसरा अडथळा बिल्डचा नव्हताच. ‘मेक इन्स्टॉल’ ने सगळ्या फाइली /यूएसआर/लोकल या फोल्डरात नेल्या, पण लोडर प्रत्येक वेळी फोल्डरे धुंडाळत नाही, तो /ईटीसी/एलडी.एसओ.कॅश या तयार सूचीत पाहतो, आणि नवी फाइल आली म्हणून ती सूची आपोआप बदलत नाही. ‘सुडो एलडीकॉन्फिग’ म्हटले की ती नव्याने तयार होते. उबुंटूत /यूएसआर/लोकल/लिब हे फोल्डर सूचीच्या कक्षेत आधीपासून आहे, त्यामुळे एवढ्यावर भागते. फेडोरात ते नसते, तिथे /ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी मध्ये त्याच्या नावाची फाइल ठेवावी लागते. कोणत्या प्रोग्रामला कोणती लायब्ररी कुठून मिळते आहे हे ‘एलडीडी’ सांगते, आणि जिथे ‘नॉट फाउंड’ दिसते ती दुखरी जागा. एलडी_लायब्ररी_पाथ हे चल .बॅशआरसी मध्ये कायमचे लिहून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. त्याचा परिणाम त्या टर्मिनलमधून चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामवर होतो आणि काही महिन्यांनी भलताच प्रोग्राम बिघडला की कारण कोणालाही आठवत नाही.

चौथा अडथळा खरा शिकवणारा आहे. ताईंनी लेप्टोनिका बिल्ड केली तेव्हा ‘लिबपीएनजी-डेव्ह’, ‘लिबजेपेग-डेव्ह’, ‘लिबटिफ-डेव्ह’ ही पॅकेजे संगणकावर नव्हती. लेप्टोनिकासाठी ती ऐच्छिक आहेत. म्हणून तिच्या कॉन्फिगरने तक्रार केली नाही, ‘चेकिंग फॉर...’ अशा शेकडो ओळींमध्ये दोन-तीन ठिकाणी ‘नो’ असे छापले आणि पुढे गेले. बिल्ड यशस्वी झाला, पण त्यात पीएनजी वाचणाऱ्या फंक्शनच्या जागी नुसती रिकामी पोकळी बसली, जी हाक मारताच ‘फंक्शन नॉट प्रेझेंट’ एवढेच उत्तर देते. चूक दाखवून थांबणारा कॉन्फिगर परवडतो, गप्प राहून पुढे जाणारा परवडत नाही. म्हणून कोणताही प्रकल्प असो, कॉन्फिगर संपल्यावर त्याने दिलेला गोषवारा वाचावा, आणि जी सोय आपल्याला हवीच आहे तिच्यासाठी ‘--विथ-...’ हा पर्याय स्पष्ट लिहावा. ही पद्धत पाळणाऱ्या प्रकल्पांत मग ती लायब्ररी न मिळाल्यास कॉन्फिगर तेथेच थांबते. टेसरॅक्टच्या बाबतीत ‘टेसरॅक्ट --व्हर्जन’ ही आज्ञा लेप्टोनिकाच्या आवृत्तीखाली लिबजेपेग, लिबपीएनजी, लिबटिफ यांची नावे छापते. ती ओळ अपुरी असेल तर एकही पान टेसरॅक्टला न देता दोष कळतो.

मग आधीचे ४.१.१ का बिघडले? त्याला हवी असलेली लायब्ररी ‘लिबलेप्ट.एसओ.५’ या नावाची आहे, आणि हाताने बिल्ड केलेल्या १.८२ चेही नाव तेच आहे. लोडरच्या सूचीत /यूएसआर/लोकल/लिब हे व्यवस्थेच्या फोल्डराआधी येते. ज्या क्षणी एलडीकॉन्फिग चालवले, त्या क्षणापासून जुन्या टेसरॅक्टला सुद्धा उबुंटूची परिपूर्ण लेप्टोनिका न मिळता ही अपुरी मिळू लागली. ‘एलडीडी /यूएसआर/बिन/टेसरॅक्ट’ ही आज्ञा दिल्यास लेप्टोनिकाच्या ओळीत /यूएसआर/लोकल दिसेल. लेप्टोनिका वापरणारे दुसरे काही त्या संगणकावर असेल तर तेही आत्ता याच अवस्थेत आहे. जी लायब्ररी रिपॉझिटरीत योग्य आवृत्तीची मिळते ती हाताने /यूएसआर/लोकल मध्ये कधीही बसवू नये असे मी आग्रहाने सांगतो, त्याचे कारण हे आहे.

आता दुरुस्ती. लेप्टोनिकाच्या सोर्स फोल्डरात जाऊन ‘सुडो मेक अनइन्स्टॉल’ करावे. फोल्डर पुसून टाकले असेल तर त्याच आवृत्तीचा सोर्स पुन्हा उतरवून, कॉन्फिगर पूर्वीसारखेच चालवून मग अनइन्स्टॉल करता येते. टेसरॅक्टच्या फोल्डरातही तसेच करावे, आणि त्यानंतर एकदा एलडीकॉन्फिग चालवावे. येथे जुने ४.१.१ पूर्ववत चालू लागले पाहिजे. न लागल्यास पुढे जाऊ नये, /यूएसआर/लोकल/लिब मध्ये लेप्ट नावाचे काही उरले आहे का ते पाहावे. (शेल कधी कधी जुना मार्ग लक्षात ठेवतो आणि ‘/यूएसआर/लोकल/बिन/टेसरॅक्ट अशी फाइल नाही’ म्हणतो, ‘हॅश -आर’ ने ते जाते.) नंतर बिल्ड-एसेन्शियल, ऑटोमेक, लिबटूल, पीकेजी-कॉन्फिग, गिट आणि लिबलेप्टोनिका-डेव्ह ही पॅकेजे घ्यावीत. टेसरॅक्टचा सोर्स मुख्य शाखेवरून न घेता ५ मालिकेतील प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीचा टॅग देऊन घ्यावा, आणि ‘गिट क्लोन’ ला ‘--डेप्थ १’ हा पर्याय द्यावा. संपूर्ण इतिहास उतरवण्यात मोबाइलच्या हॉटस्पॉटवरचा डेटा वाया जातो.

कॉन्फिगर करताना ‘--प्रीफिक्स=/ओपीटी/टेसरॅक्ट५’ द्यावे. मग प्रोग्राम, लायब्ररी आणि हेडर सगळे एकाच फोल्डरात राहते, व्यवस्थेच्या कोणत्याही फाइलीला धक्का लागत नाही आणि नको असेल त्या दिवशी ते फोल्डर पुसले की काम संपले. तिथली लायब्ररी लोडरला कशी सापडेल, ही शंका रास्त आहे. टेसरॅक्ट लिबटूल हे लायब्रऱ्या जोडण्याचे साधन वापरते, आणि लायब्ररीचे फोल्डर व्यवस्थेच्या सूचीबाहेरचे असेल तर लिबटूल त्याचा मार्ग प्रोग्रामच्या आतच लिहून ठेवतो. /यूएसआर/लोकल/लिब मात्र सूचीत असल्याने तो मार्ग लिहिला जात नाही आणि म्हणून तिथे एलडीकॉन्फिगची गरज पडते. ‘रीडएल्फ -डी’ मध्ये ‘रनपाथ’ किंवा ‘आरपाथ’ अशी ओळ दिसली की खात्री पटते. लिबटूल न वापरणाऱ्या प्रकल्पात ‘-डब्ल्यूएल,-आरपाथ,’ पुढे फोल्डर असे एलडीफ्लॅग्ज मध्ये आपण स्वतः द्यावे.

मेक किती जोमाने चालवायचे याचाही विचार करावा. ‘-जे’ पुढे आकडा न देता मेक चालवले तर ते एकाच वेळी मर्यादा न ठेवता कंपायलर सुरू करते. सी++ च्या एकेका फाइलीला शेकडो एमबी स्मृती लागू शकते, आणि ४ जीबीत कर्नल शेवटी ‘सीसी१प्लस’ ला मारून टाकतो. संदेश ‘किल्ड’ एवढाच असतो आणि लोक सोर्स कोडमध्ये चूक शोधत बसतात. या संगणकावर ‘मेक -जे२’ पुरेसे आहे.

आपल्याकडे उन्हाळ्यात वीज जाण्याचा प्रश्न वेगळा सांगायला नको. बिल्ड अर्धवट राहिला तर पुन्हा ‘मेक’ म्हणावे. झालेल्या फाइली तो पुन्हा करत नाही, कारण सोर्स आणि ऑब्जेक्ट फाइलींच्या वेळा तो ताडून पाहतो. यात दोन खाचखळगे आहेत. वीज गेली त्या क्षणी लिहिली जात असलेली ऑब्जेक्ट फाइल अपुरी किंवा शून्य लांबीची राहू शकते. तिची वेळ नवी असल्याने मेकला ती पूर्ण वाटते आणि तासाभराने लिंकर ‘फाइल ट्रंकेटेड’ म्हणून अडतो. संदेशात त्या फाइलीचे नाव असते, तेवढीच पुसून मेक पुन्हा चालवावे, सगळे साफ करण्याची गरज नाही. दुसरे म्हणजे जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली असेल तर वीज आल्यावर घड्याळ अनेक वर्षे मागे जाते, मग मेक ‘क्लॉक स्क्यू’ असा इशारा देते. तो दुर्लक्षू नये. आधी तारीख-वेळ नीट करावी, आणि खरे तर ती बॅटरी बदलून घ्यावी.

ग्रंथालयात असे आणखी संगणक असतील आणि त्यांवर हेच टेसरॅक्ट हवे असेल तर प्रत्येकावर बिल्ड करण्याची गरज नाही. सगळ्यांवर २२.०४ असेल तर /ओपीटी/टेसरॅक्ट५ हे फोल्डर पेन-ड्राइव्हने न्यावे आणि तिथे फक्त ‘लिबलेप्ट५’ सारखी चालण्यापुरती पॅकेजे बसवावीत. /व्हार/कॅश/ॲप्ट/आर्काइव्ह्ज मध्ये आधी उतरवलेल्या .डेब (पॅकेजांच्या) फाइली असतील तर त्याही नेता येतात, पुन्हा उतरवाव्या लागत नाहीत. संगणकांवर वेगवेगळ्या आवृत्त्या असतील तर सर्वांत जुनी जिथे आहे तिथे बिल्ड करावा. २४.०४ मध्ये जीलिबसी ही मूळ सी लायब्ररी २.३९ आहे, २२.०४ मध्ये २.३५, नव्यावर बिल्ड केलेला प्रोग्राम जुन्यावर ‘जीलिबसी_२.३८ सापडले नाही’ असे म्हणू शकतो, उलट दिशेने ही अडचण येत नाही. आणि असा संदेश आला म्हणून जीलिबसी हाताने बदलण्याच्या फंदात कोणीही पडू नये. ‘एलएस’ पासून शेलपर्यंत सगळे त्याच लायब्ररीवर चालते. ती बिघडली की ‘सुडो’ सुद्धा चालत नाही आणि संगणक दुसऱ्या डिस्कवरून सुरू करूनच सोडवावा लागतो.

कंपायलरच्या आवृत्तीमुळे अडणारे प्रकल्प वेगळे असतात. २०२० च्या जीसीसी १० पासून हेडरमध्ये चल जाहीर करण्याची जुनी ढिलाई चालत नाही आणि लिंकर ‘मल्टिपल डेफिनिशन’ म्हणतो. २०२४ च्या जीसीसी १४ पासून सी भाषेत न जाहीर केलेले फंक्शन वापरणे हा इशारा न राहता चूक ठरली. महाविद्यालयांतले पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे प्रकल्प यावर हमखास अडतात. अशा वेळी /यूएसआर/बिन/जीसीसी बदलू नये. ‘जीसीसी-९’ सारखे जुन्या आवृत्तीचे पॅकेज शेजारी बसवून कॉन्फिगरला ‘सीसी=जीसीसी-९’ असे सांगावे; व्यवस्थेचा कंपायलर जागच्या जागी राहतो.

टेसरॅक्ट बसल्यावर एक शेवटचा अडथळा ताईंना येईल, तो आधीच सांगून ठेवतो. ते ‘ईएनजी.ट्रेन्डडेटा उघडता येत नाही’ असे म्हणेल, कारण भाषांच्या फाइली सोर्ससोबत येत नाहीत आणि नवा प्रोग्राम त्या /ओपीटी/टेसरॅक्ट५/शेअर/टेसडेटा मध्ये शोधतो. २२.०४ च्या ‘टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर’ पॅकेजाने मराठी फाइल /यूएसआर/शेअर/टेसरॅक्ट-ओसीआर/४.००/टेसडेटा येथे ठेवलेली असते. मॉडेल तेच असल्याने टेसडेटा_प्रीफिक्स हे चल त्या फोल्डराकडे वळवले तरी पुरते. टेसरॅक्टच्या प्रकल्पाकडून मॉडेलांचे ‘बेस्ट’ आणि ‘फास्ट’ असे संच मिळतात. या संगणकावर आधी ‘फास्ट’ वापरावा आणि ज्या पानांवर जोडाक्षरे फार चुकतात त्यांच्यापुरता ‘बेस्ट’ घ्यावा. डागाळलेल्या पानांसाठी ‘-सी थ्रेशोल्डिंग_मेथड=२’ हा पर्याय दिला की सौव्होला पद्धत लागू होते. एकाच पानावर तो पर्याय देऊन आणि न देता, असे दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहावेत. स्वच्छ छपाईच्या पानावर फरक दिसणार नाही.

कॉन्फिगरच्या अखेरीस ‘प्रशिक्षण साधने बिल्ड करता येणार नाहीत’ अशी ओळ दिसली तर घाबरू नये. ती साधने स्वतःचे मॉडेल घडवण्यासाठी असतात आणि त्यांना पँगो, कैरो व आयसीयू यांची डेव्ह-पॅकेजे लागतात, कारण देवनागरीतली जोडाक्षरे प्रशिक्षणासाठी चित्ररूपात मांडण्याचे काम त्या लायब्रऱ्या करतात. मासिकातील जुना खिळ्यांचा टंक फारच वेगळा निघाला आणि मॉडेल त्यावर वारंवार चुकू लागले, तर ‘लिबपँगो१.०-डेव्ह’, ‘लिबकैरो२-डेव्ह’ आणि ‘लिबआयसीयू-डेव्ह’ बसवून, कॉन्फिगर पुन्हा चालवून ‘मेक ट्रेनिंग’ करता येईल. आत्ता त्यांच्यावाचून काही अडत नाही.